डाव्या हाताचा थेंब

देवाचा कंटाळा येतो का कुणाला? मला आला होता. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? आमचे हे तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. डावा हात धड होता, पण मनच लुळं पडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भरवलं तर खायचे, विचारलं तर हुंकार द्यायचे. मुलगा मुंबईला, आमच्या माण तालुक्यात निम्म्या घरांची तीच गत आहे. यांना उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या, आणि एवढं झाल्यावर देव्हाऱ्यापुढे बसून देवांनाही अंघोळ घालायची. देवांनी तरी आपापली अंघोळ उरकून घ्यावी, असं मला पुष्कळदा वाटे.

त्यात डोळे अधू झाले. आधी दिव्याभोवती कडी दिसू लागली, मग तांदळातले खडे दिसेनात, आणि शेवटी सगळं घरच पिवळट धुरकट झालं. आमच्या देव्हाऱ्यात टाक आहेत, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव. मी ते चाचपून धुवायची आणि चाचपूनच जागेवर ठेवायची. घोड्यावर बसलेला खंडोबा तर सासूच्या सासूच्या वेळचा, चिंचेनं घासून घासून पार झिजलेला. बोटाला काही लागायचं नाही. मी आपली हळद वाहायची, हात जोडायची आणि गुडघ्यावर हात देऊन उठायची. भक्ती म्हणावी असं त्यात काही उरलं नव्हतं. एक काम होतं, ते करत होते.

मग एके दिवशी सकाळची गोळी म्हणून मी यांना रात्रीची दिली. दिवसभर ते गुंगीत होते, गदागदा हलवलं तरी डोळे उघडेनात. संध्याकाळी एकदाचे कण्हले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या दिवशी मी खरी भ्याले. उद्या मला अजिबात दिसेनासं झालं तर या माणसाचं कोण करणार? मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आता डोळ्याचं ऑपरेशन करायचंच. मी रजा काढतो."

यांची बहीण माधवनगरला असते, म्हणून सांगलीचा दवाखाना ठरला. मुलगा घरी यांच्यापाशी राहिला, त्यानं मला एस.टी.त बसवून दिलं आणि वन्संनी मला सांगलीच्या स्टँडवर उतरवून घेतलं. रक्त तपासलं, साखर तपासली, आणि ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांनी मला परत पाठवलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच. "आजी, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी न्हाई घेत. त्येच घरी ऱ्हायला आलंय." डॉक्टर हसले, पण ब्लडप्रेशर काही हसलं नाही. तिकडे मुलाची रजा संपत चालली होती. अखेर एकदाची तारीख मिळाली. आदल्या दिवशी वन्संनी मला न्हाऊ घातलं. "वैनी, नीट न्हाऊन घे. फुडं लय दिस डोस्क्यावर पानी न्हाई," म्हणाल्या. तीन वर्षांत माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणी पाणी ओतलं नव्हतं. मला रडू आलं. डोळ्यात साबण गेला म्हणून सांगितलं.

टेबलावर आडवं केलं, तोंडावर कापड टाकलं, डोळ्यापुरता उजेड. हलायचं नाही, बोलायचं नाही. म्हटलं, आता नामस्मरण करावं. पण नाव म्हणून आठवेना! जन्मभर ज्याची हळद कपाळाला लावली, त्याचं नाव जिभेवर येईना. डोक्यात एकच फिरत होतं: यांची गोळी दिली असेल का, कूस बदलली असेल का. तेव्हा कुठे कळलं की मी किती दमले आहे. मनात म्हटलं, माझ्याच्यानं आता होत नाही. तुझं नावसुद्धा घेता येत नाही मला. आता तू सांभाळ. बस, एवढंच. कुठे घंटा वाजली नाही की सुगंध आला नाही. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "झालं, आजी."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर पुढे वन्सं उभ्या. मी बघतच राहिले. "वन्सं, आवं तुमी म्हाताऱ्या कवा झाला?"

"तुला दिसत नव्हतं तवा," त्या म्हणाल्या.

घरी परतले आणि मुलगा मुंबईला गेला. त्याचा इलाज नव्हता. शेजारची कमल सकाळ-संध्याकाळ येऊन यांचं आवरायची, भाकरी टाकायची. दिवसभर ती कांदा काढायला रानात. मला वाकायचं नाही, उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. देव्हारा खाटेसमोरच, पण जमिनीलगत, त्यामुळे देवांनाही सुट्टी. कमल दारातूनच उदबत्ती लावून जायची. पण दर दोन तासांनी डोळ्यात औषध घालायचं, ते कुणी घालायचं? मी स्वतः करून बघितलं. एक थेंब गालावर, एक नाकावर, एक पदरावर. बाटली निम्मी झाली, डोळा कोरडाच. औषध नीट गेलं नाही तर डोळा पिकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खाटेजवळच्या स्टुलावर मटकन बसले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले.

मागून आवाज आला, "हिकडं आन."

मी वळून पाहिलं. यांनी भिंतीकडची मान फिरवली होती. डावा हात पुढे केला होता.

"आवं, तुमाला जमायचं न्हाई."

"आन म्हंतोय न्हवं!"

हात धुवून दिला त्यांचा. उशांचा टेकू घेऊन बसले ते. मी डोकं मागे करून खाटेच्या कडेवर टेकवलं, खालची पापणी बोटानं ओढून धरली. तो हात असा थरथरत होता की बाटली डोळ्यावर ठरेना. पहिला थेंब कानात गेला. दुसरा भुवईवर. तिसरा पडला तो बरोबर डोळ्यात, गार. "पडला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पडला." तीन वर्षांत त्यांनी मला आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

तिथून ते घड्याळाकडे बघून वाट पाहायला लागले. मी विसरले तर हाक मारायचे. हळूहळू हात ठरला. मग त्याच हातानं चमचा धरला, पेला धरला. त्या टेबलावर मी असं काही मागितलंच नव्हतं; मी फक्त हात टेकले होते.

डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली, त्या सकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसले. देव धुवायला घेतले आणि किंचाळलेच. खंडोबा उलटा! डोकं खाली, आणि घोड्याचे चारी पाय आभाळाकडे. कधीपासून तसा असेल कोण जाणे. मी महिनोन्महिने घोड्याच्या टापांना हळद वाहत होते. मागे खाट करकरली. हे हसत होते. अर्धा ओठ वाकडा, पण हसत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"तुमाला ठावं हुतं?" मी विचारलं.

"रोज बगत हुतो," ते अडखळत म्हणाले.

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू दमल्याली आसायचीस. म्हटलं, आजून एक काम कशाला? त्यो ऱ्हाईल उलटा."

म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस मधूनमधून मान वळवून मला बघत होता. आणि मी समजत होते, या घरात सगळ्यांना मी एकटी सांभाळते. टाक सरळ करून मी हळद वाहिली, पुष्कळ दिवसांनी भुईला डोकं टेकवलं. काय मागू तेच सुचेना. उलट्या बसलेल्या देवानं आणि आडव्या पडलेल्या माणसानं मिळून मलाच सांभाळलं होतं.