बरा दिवस

सकाळी स्वयंपाकघरात आले तर सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पानं एकीकडे, काड्या एकीकडे, अगदी पूर्वीसारखं. मला पाहून म्हणाल्या, "सुनंदा, चहा टाक गं." आठ दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं.

त्यांना स्मृतिभ्रंश झाल्यापासून आमच्या घरात दिवस दोनच, बरा नाहीतर वाईट. वाईट दिवस मला आता निभावता येतो. कालच त्यांनी "ही कोण बाई घरात शिरली?" म्हणत मला हाताला धरून दाराबाहेर काढलं होतं. जड जातो तो बरा दिवस, कारण त्या दिवशी आपलं काय होतंय हे त्यांना कळतं.

चहा पिता पिता त्यांनी हळूच विचारलं, "काल मी तुला काही बोलले का गं?"

"नाही हो, आई."

त्यांची नजर माझ्या मनगटावरच्या ओरखड्यावर गेली. त्या उठल्या, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि हलक्या हाताने तेल लावत राहिल्या.

"खोटं बोलायला कधी शिकलीस?"

मी हात तसाच त्यांच्यापुढे धरून ठेवला. उद्या हाच हात त्यांना परका वाटू शकेल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.