चाचींच्या ओसरीवरचं हातमशीन

आम्ही तिघीचौघी एकत्र बसलो की कुणीतरी "ती सुई आठवते का गं?" म्हणतं, आणि त्या दिवशी भाजी करपते. किस्से असेच वाढत जातात. एकीनं सांगितला की दुसरीला तिचा आठवतो, आणि तिसरी म्हणते, तसं नव्हतंच मुळी. गयाअक्का होत्या तोवर त्यांच्यापुढं दुरुस्ती करायची कुणाची टाप नव्हती. आता त्या नाहीत, तेव्हा माझंच खरं धरून चाला.

मी लग्न होऊन आखाडा बाळापूरला आले तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायला दोनतीन वर्षं होती. आमच्या भिंतीला भिंत लागून करीमचाचांचं घर. चाचा बाजारात दर्जीकाम करायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं आणि दुकान सुटलं. घरात ते आणि अमिनाचाची, दोघंच. मूलबाळ नाही. चाचींचा भाऊ परभणीला होता, तो म्हणायचा घर बंद करा आणि माझ्याकडं चला. चाची म्हणायच्या, "भाई के घर में मैं मेहमान. इधर मालकीण हूँ."

मग त्यांनी ठरवलं की घरीच हातमशीन आणायचं आणि बायकांचे कपडे शिवायचे. मशीन चाललं तर बाळापूरचं घर, नाहीतर परभणीत भावजयीच्या हाताखाली. इतका सरळ हिशेब होता. चाचींच्या जिवाला त्या घराची ओढ फार होती, आणि खरं सांगायचं तर आम्हाला चाचींची.

* * *

मशीन हिंगोलीहून बैलगाडीत आलं, लाकडी पेटीत, गवतात गुंडाळून. दुकानदारानं सांगितलेलं, चाललं तर ठेवा, नाहीतर त्याच गाडीनं परत पाठवा. गाडीवानानं बैल सोडले, वैरण टाकली आणि म्हणाला, "बैलांचं खाऊन झालं की मी निघालो. तवर काय ते बघा."

पेटीत एक कागद होता. अक्षर इंग्रजी, चित्रं तेवढी आमच्या कामाची. चित्र बघून चाचींनी दोरा ओवला. चाचा बाजूला बसून सांगत होते. "चाक आपल्याकडं फिरव. मशीनचं चाक नेहमी आपल्याकडं."

चाचींनी दांडा आपल्याकडं फिरवला. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा फिरवला. खाली कापडाला दोऱ्याचा हा एवढा गुंता. चार वेळा झालं. चाचा चिडले, मशीनच खोटं म्हणाले. तिकडं बैलांची वैरण संपत आलेली.

गयाअक्का माझ्या थोरल्या नणंद. लहानपणीच विधवा होऊन माहेरी राहिलेल्या, तोंडानं तिखट. त्या म्हणाल्या, "अमिना, एकदा उलटं फिरवून बघ की."

"पंधरा साल मशीन चलाया मैं," चाचा कडाडले. "मेरेकू सिखाते?"

चाचींनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा गाडीकडं. मग डोळे मिटले आणि दांडा उलटा फिरवला. सरळ, बारीक टाका पडत गेला, कापड संपेपर्यंत.

चाचांनी डाव्या हातानं कापड उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग दांड्याजवळ वाकून बघितलं, तर आत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली. दांडा पलीकडं फिरवला की मोठं चाक अलीकडं येतं. त्यांच्या दुकानातलं पायाचं मशीन, त्याला ही भानगड नव्हती.

"इतने साल में आज पहली बार मेरी बात नै सुनी इसने," चाचा म्हणाले.

"अन् आजच शिवण आली," गयाअक्का म्हणाल्या. गाडी रिकामी परत गेली.

* * *

लढाईच्या दिवसांत सुया मिळेनात. हिंगोलीत नाहीत, नांदेडला नाहीत. पेटीतून आलेल्या सुयांपैकी एक राहिली. ती मोडली की मशीन म्हणजे नुसतं लोखंड. चाची ती सुई रोज काम झालं की काढायच्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि कमरेला खोचायच्या. चपटी बाजू कुठल्या अंगाला ठेवायची हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही सांगितलं असतं.

मी तेव्हा त्यांच्याकडं शिकत होते. आमच्या सासूबाईंना वाटायचं मी ताक मागायला जाते. एक दिवस मी डाव्या हातानं कापड सरकवत होते आणि उजव्या हातानं दांडा फिरवत होते. गयाअक्का काहीतरी म्हणाल्या, मी मान वळवली, आणि सुई माझ्या बोटात गेली. नखातून आत, खालून बाहेर.

मी ओरडलेसुद्धा नाही. बोट तिथंच अडकलेलं. ओढलं तर सुई मोडणार, हे मला त्या वेदनेतही कळत होतं, यावरून चाचींची शिकवण किती पक्की होती बघा.

"हिलू नक्को," चाची म्हणाल्या. त्यांनी मोठ्या चाकावर हात ठेवला आणि तिळातिळानं फिरवत सुई वर आणली. अक्कांनी माझं मनगट धरून ठेवलेलं. बोट सुटलं. चाची वाकल्या, सुई उजेडाला धरली, टोकावरून नख फिरवलं, आणि म्हणाल्या, "शुक्र है. साबुत है."

मग त्यांना माझं बोट आठवलं. हळद लावली, चिंधी बांधली. मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी अक्का समजूत काढायला आल्या.

"रुसून काय राहिली गं? बोट भरून येईल. सुई कुठून येणार व्हती?"

* * *

बाह्यांचा किस्सा माझ्या नावावर आहे, तेव्हा तो मीच सांगितलेला बरा.

शिरड शहापूरच्या एका घरचं लग्न. कापडावर कंट्रोल, त्यामुळं नवरीच्या आईनं कुठून कुठून खटपट करून एक भारी खण मिळवलेला. चाचींनी चोळी बेतली आणि बाह्या कापायला मला दिल्या. मी कापल्या. छान कापल्या. फक्त दोन्ही डाव्या हाताच्या.

चाचींना कळलं ते जोडायला घेतल्यावर. दुसऱ्या दिवशी हळद, आणि नवरीच्या आईची दमणी दारात उभी. पुन्हा तसा खण मिळायचा नाही. गाजावाजा झाला असता तर आसपासच्या गावांतून एकही बाई पुन्हा कापड घेऊन आली नसती.

"लाव तशीच," अक्का कुजबुजल्या. "पदराखाली कोण बघून राहिलं?"

"मेरेकू मालूम है ना," चाची म्हणाल्या.

त्यांनी एका बाहीचा काठ उसवला. ती बाही उलटी केली, आतली बाजू बाहेर घेतली आणि काठ पुन्हा सुलटा बसवला. खण दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखा होता, म्हणून निभावलं. बाहेर गाडीवान हाका मारत होता आणि मी दांडा फिरवत होते. फिरवताना रामरक्षा म्हणत होते, आणि शेजारी चाचींचेही ओठ हलत होते.

चोळी झाली. नवरीच्या आईनं बघितली, खूश झाली, घडी घातली. झालं होतं सगळं. आणि चाचींनी तिला थांबवून सांगितलं की एक बाही उलट्या अंगानं लावलीय. बाई म्हणाली, "राहू द्या, दिसून न्हाई राहिली." आणि गेली.

तिनं आमच्याकडं येणं सोडलं नाही, हे खरं. पण त्यानंतर दरवेळी ती नवी चोळी उलटी करायची, उजेडाला धरायची, टाका न् टाका बघायची, आणि तोवर आम्ही तिघी तिच्यासमोर चोरासारख्या उभ्या.

"बोल," अक्का चाचींना म्हणायच्या. "अजून खरं बोल."

* * *

मग ते वाईट वर्ष आलं. बाळापूरची कितीतरी घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आमचं राहिलं, कारण सासऱ्यांना हलवता येत नव्हतं. रस्त्यानं हैदराबादच्या राज्याच्या बाजूनं हत्यारं घेतलेली माणसं फिरायची.

एका सकाळी त्यांतला एक चाचींच्या दारात आला. बगलेत खाकी कापडाचा गठ्ठा. म्हणाला, आठ दिवसांत इतके सदरे पाहिजेत.

चाची पडद्याआड मशीनपाशी होत्या. मी आणि अक्का त्यांच्याजवळ. चाचींनी पटकन मशीनखालची सरकपट्टी ओढली, खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली आणि तोंडात टाकली. वरून पान.

"मशीन बिघडलंय," अक्कांनी आतून सांगितलं.

"मैं देखता," म्हणत तो मशीन पडद्याबाहेर ओढून ओसरीवर बसला. चाचांनी मान खाली घातली. त्यानं कापड ठेवलं आणि दांडा फिरवला. त्याला बराबर फिरवता येत होता. सुई खालीवर, कापड पुढं पुढं. हातभर शिवण झाली. तो हसला. "ये तो चल रहा."

त्यानं कापड उचललं. दोरा एका ओढीत सरळ निघून आला.

तीन वेळा फिरवलं त्यानं. तिन्ही वेळा तेच. मग पडद्याकडं बघून म्हणाला, "बाई काहून बोलत नाही?"

"पान खाल्लंय तिनं," अक्का म्हणाल्या. "परपुरुषासमोर थुंकू का म्हणता?"

इथं राहणं आता अवघड करून ठेवीन, असं चाचांना सांगून, तो गठ्ठा उचलून गेला. चाचींनी तोंडातून बॉबिन काढली, पदराला पुसली, निरखून पाहिली.

"दोरा भीग गया," त्या म्हणाल्या. "धूप में रखो."

* * *

आणि हा शेवटचा. हा अक्का कधी स्वतः सांगायच्या नाहीत.

त्याच वर्षीच्या भादव्यात हैदराबादचं राज्य गेलं. आता भीती दुसऱ्या दारात, मुसलमानांच्या, जाऊन बसली. गावोगावच्या बातम्या येत होत्या, आणि त्या चांगल्या नव्हत्या. परभणीच्या भावाचा निरोप आला, निघून या. पण रस्त्यात काय होईल याचा नेम नव्हता. चाची म्हणाल्या, मरायचं तर आपल्या घरात.

अक्कांनी त्या दोघांना आतल्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, मशीन ओसरीवर दारासमोर ओढलं आणि मला म्हणाल्या, "बस. दांडा फिरवत राहा." काय शिवत होते देव जाणे. एक जुनं लुगडं होतं, तेच फिरून फिरून.

दुपारी ते आले. दहाअकरा जण. काठ्या, आणि एकाच्या हातात कुऱ्हाड. कुऱ्हाडवाला बाहेरगावचा होता. पुढं होता तो किसन, आमच्याच बाजारातला, बैलांना नाल मारणाऱ्याचा मुलगा.

"अक्का, मियां कुठं हाय?"

"गेले परभणीला. घर मी घेतलंय. शिवणाचं दुकान टाकून राहिले."

"दार उघडा. बघतो."

"आत कापड बेतून पसरलंय, तुडवताल." अक्का उठल्या आणि सरळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "खांद्यावर फाटलाय की तुझा सदरा. ये, माप देऊन जा. दुकानाची भवानी व्हायचीय अजून. भवानीला न्हाई म्हणू नये."

किसन गोंधळला. पहिल्या गिऱ्हाइकानं तोंड फिरवलं तर दुकान बसतं, ही समजूत त्याच्या आईनंही त्याला पाजलेली. तो मागं बघायला लागला.

"काठी खाली ठिव. काठी धरून बाही कशी मोजू?"

त्यानं काठी ठेवली.

अक्कांना टेपवरचे आकडे वाचता यायचे नाहीत. त्या दोऱ्यानं माप घ्यायच्या. छातीला एक गाठ, उंचीला दोन, बाहीला तीन. त्यांनी किसनचं माप घेतलं, दोरा दाराच्या कडीला अडकवला आणि पुढच्याला म्हणाल्या, "तू कोणाचा?" त्यानं बापाचं नाव सांगितलं. सांगताना आवाज जरा खाली आला. त्याचीही काठी खाली गेली. मागं कुणीतरी हसलं.

"वेळ जाऊन राहिला," कुऱ्हाडवाला म्हणाला.

"मग तूच ये आधी. ती कुऱ्हाड ओट्याला टेकव."

तो हलला नाही. मी दांडा फिरवत होते, दुसरा आवाज नव्हता. माझ्या पाठीमागं दार, दारामागं ती दोघं, श्वास धरून. मग कुणीतरी म्हणालं, "दे की गड्या माप," आणि त्यानं कुऱ्हाड ओट्याला टेकवली. टेकवली अशी की हात लांब केला तर लगेच मिळावी.

अक्कांनी छाती घेतली. उंची घेतली. खांद्यावर दोरा धरला आणि सरळ हातावरून मनगटाकडं न्यायला लागल्या. पुरुषाचं माप त्या ओसरीवर कधी कुणी घेतलंच नव्हतं. "लांब बाही?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "व्हय, लांब."

आणि दाराच्या फटीतून चाचींचा आवाज आला.

"गया, कोपर मुड़ा के नाप ले. बाही चढेगी उसकी."

माझा दांडा थांबला. कुऱ्हाडवाल्यानं दाराकडं पाहिलं. मग अक्कांकडं. अक्कांनी दोरा त्याच्या खांद्यावर तसाच धरलेला होता.

"कोपर," अक्का म्हणाल्या.

त्यानं कोपर वाकवलं.