तीन अंश कमी

बातमी आली ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सकाळपासून तिथे एकच धोशा चालला होता, विद्यार्थ्यांची माहिती आज पाचपर्यंत लिंकवर भरा. त्याच्याच खाली दोन ओळी आल्या. आपल्या माजी विज्ञान शिक्षिका गायकवाड बाई पहाटे झोपेतच गेल्या. मग जोडलेल्या हातांची चित्रं, एकाखाली एक, आणि ती संपायच्या आत पुन्हा लिंकची आठवण. खरं सांगते, मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "आधी लिंक भर सुषमा, नाहीतर माझ्यापायी तुला मेमो मिळायचा." मी लिंक भरली आणि मग बाईंच्या घरी, कामतघरला जायला रिक्षा केली.

आमची शाळा कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांना लागून आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर दिवसभर खटखट, बंद ठेवल्या तर घामाच्या धारा. मी अंजूरहून नवी नवी नोकरीला आले तेव्हा माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नव्हता. गायकवाड बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला मागच्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "तिथून स्वतःला ऐकायला येतंय का बघ." त्यांचे वडील लूमवर होते, त्या कामतघरच्या चाळीत त्याच आवाजात वाढल्या होत्या. घराण्यातल्या पहिल्या बी.एस्सी. मोठ्या आवाजात बोलणं ही त्यांना कधी उद्धटपणाची गोष्ट वाटली नाही, आणि हळू बोलणाऱ्या साहेबलोकांचं त्यांना कधी कौतुकही वाटलं नाही.

प्रयोगशाळेचं कपाट तेव्हा कुलपात असायचं. काच फुटली तर कोण भरून देणार, म्हणून कोणी हातच लावत नसे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते उघडायचं, उपकरणांना हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची आणि पुन्हा कुलूप. सूक्ष्मदर्शकाच्या नळीत कुंकू गेलेलं मी स्वतः पाहिलंय. बाई या पूजेला कधी बसल्या नाहीत, पण कधी मोडताही घातला नाही. "पूजा तुमची तुम्ही करा," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "मला फक्त उरलेले दिवस किल्ली द्या." किल्ली मिळाली. मग चंचुपात्रं फुटली, नळाखाली आम्ही काचा वेचल्या, आणि आमच्या शाळेतली मुलं प्रयोग बघायच्या ऐवजी करायला लागली.

त्यातलाच तो थर्मामीटर. उकळत्या पाण्यात तो सत्त्याण्णवच्या वर जाईचना. पुस्तकात शंभर. मी तेव्हा नवखी, मी म्हटलं, बाई, हा टाकून देऊ, दुसरा घेऊ. त्यांनी मुलांनाच विचारलं, पाणी चुकतंय की थर्मामीटर, कसं ओळखायचं? बराच काथ्याकूट झाल्यावर रजनी नावाच्या मुलीने सुचवलं की वितळत्या बर्फात घालून बघू, तिथे शून्य आलं पाहिजे. बर्फ आणायला बाई स्वतः मच्छीबाजारात गेल्या, मी बरोबर. मासळीवाली आजी आम्हाला हसली. "काय गो बाय, मासली न्हाय पायजे नं नुसता बरफ पायजे? बरफाचा कालवन करतस का?" बर्फाला कोळंबीचा वास होता, पण थर्मामीटर उतरला तो थेट उणे तीनवर. वर्गात जो आरडाओरडा झाला तो लूमच्या वर ऐकू गेला असेल. तीन अंश कमी दाखवतो! बर्फातही तीन, उकळत्या पाण्यातही तीन. बाईंनी त्याच्या गळ्याला लूमचा लाल धागा बांधला. "हा टाकायचा नाही. चांगले थर्मामीटर काय, कोणीही वापरेल."

त्या वर्षी दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नेमका तोच थर्मामीटर रजनीच्या वाट्याला आला. आमच्याकडे प्रात्यक्षिकाची रीत ठरलेली. बाहेरून परीक्षक यायचे, त्यांना जेवायला सुरमई आणि तांदळाची भाकरी, मुलांच्या वह्या गेल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवलेल्या, आणि सगळ्यांना भरपूर मार्क. कोणाचंच काही वाईट होत नव्हतं. रजनीने मात्र दिसलं ते लिहिलं, सत्त्याण्णव. शेजारी कारणही लिहिलं. तोच थर्मामीटर वापरणाऱ्या तिच्या गटातल्या चार-पाच जणींनीही तसंच केलं. परीक्षक वाईट माणूस नव्हता. "बाई, मला दिलेल्या नमुना उत्तरात शंभर आहे," तो म्हणाला, "मी काय करू?" आणि त्याने मार्क कापले. रजनीला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तेवढ्या मार्कांनी तिचा प्रवेश हुकला.

तिची आई दुपारच्या सुट्टीत शाळेत आली. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पोरांना सच शिकवता, मालूम हाय मला. पण सच का तिकडे नंबर नाही मिळत ना. पहिले पास करवा पोरीला. सच बाद में." मोठ्या आवाजाच्या आमच्या बाई... त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गप्प पाहिलं.

पुढच्या वर्षीपासून त्यांनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. उजवीकडे पुस्तकातलं, डावीकडे आपलं. उजवीकडचं वहीत उतरवायचं, परीक्षेत लिहायचं. डावीकडे त्या दिवशी खरोखर जे दिसलं ते, आणि तास संपला की डावी बाजू ओल्या फडक्याने पुसायची, कारण कधी कोण तपासणीला येईल सांगता येत नाही. पुसायची पाळी लावलेली असे. मुलं मनापासून पुसायची.

मग सुधारणांचा पूर आला. नवा गडी, नवं राज्य. एका वर्षी मुलांनी स्वतः ज्ञान रचायचं म्हणून आम्ही सुट्टीत येऊन फरश्या रंगवल्या. व्हरांड्यात सूर्यमाला काढली, तर बाई म्हणाल्या, "पोरं रोज शनीला तुडवत वर्गात येणार. साडेसाती लागली तर माझ्याकडे येऊ नका." मग शाळा डिजिटल झाली. मग कृती करतानाचे फोटो अपलोड करायचे आले, आणि फोटोसाठी कृती व्हायला लागल्या. प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला सांगायचे की मुलांना हाताने करू द्या, जणू ही गोष्ट त्यांनाच काल सुचली होती. बाई शेवटच्या रांगेत बसून चहाची वाट बघत. शेवटी प्रयोगशाळेचीच स्मार्ट रूम झाली. फळ्यावर टीव्हीसारखा भलामोठा पॅनल बसवला, नळाच्या ओट्यावर प्लायवूड ठोकलं. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा थोडे महिने उरले होते. त्या भांडल्या नाहीत. मला फार वाटत होतं की त्यांनी भांडावं.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. चाळ पाडून झालेल्या इमारतीत त्या राहायच्या. चहा घेताना मी नव्या धोरणाचं काही बोलत होते, त्या मध्येच म्हणाल्या, "मी हरले गं."

मी म्हटलं, "बाई, काहीतरीच काय? किती मुलं शिकवलीत तुम्ही."

"तेच तर. मार्क कापले तेव्हा नाही हरले. ती रेघ मारली तेव्हा हरले. पोरांना काय शिकवलं मी? खरं असतं ते डावीकडे लिहायचं आणि कोणी यायच्या आत पुसायचं..." कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तो लाल धाग्याचा आहे का अजून?"

कपाटात असेल, मी म्हटलं. बाईंच्या जागी मी असते तर रजनीच्या आईला काय सांगितलं असतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

बाई जाऊन आता काही आठवडे झाले. परवा आठवीला पॅनलवर पाणी उकळल्याची चित्रफीत दाखवत होते. त्यात पाणी बरोब्बर शंभरला उकळतं, वाफेचा एक थेंब इकडेतिकडे नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, आपलं पाणी पण असंच उकळतं?" मी दमलेली होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती, आणि हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मी कपाट उघडलं. लाल धागा मळून विटकरी झाला होता. प्लायवूडवर स्टोव्ह मांडला, मच्छीबाजारातून बर्फ मागवला, आणि खोलीला पुन्हा तो कोळंबीचा वास आला. मला रडू आलं. मुलांना वाटलं वाफेमुळे.

पॅनलच्या डावीकडे जुन्या फळ्याची हातभर पट्टी उरली आहे. त्या मुलीने तिथे खडूने लिहिलं : बर्फ उणे तीन, उकळतं पाणी सत्त्याण्णव. घंटा झाली. बाईंच्या वेळची मुलं कधीच शाळा सोडून गेली, पण पुसायची पाळी कशी कोण जाणे वर्गावर्गातून चालत आलेली आहे. ती मुलगी फडकं ओलं करून आली.

"बाई, पुसू? उद्या साहेब येणार ना."

"राहू दे," मी म्हटलं, आणि फडकं तिच्या हातातून घेऊन खिडकीत वाळत घातलं.