साडूची होडी पुढं का जाते

“अवो, उलाळ झालीय! पुढं सरका, पुढं!” काठावरून बायको ओरडत होती. आवाज असा, की पलीकडच्या डोंगरातली वानरं पुढं सरकली.

मी सरकणार कुठं? इंजिन होडीच्या मागच्या फळीला टांगलेलं, त्याचा दांडा माझ्या मुठीत, आणि मी काही चिपाडासारखा माणूस नाही. होडीचं नाक आभाळात, बूड पाण्यात. गाडीत मागं जास्त पोती लादली की ती बैलांना जुवासकट वर उचलते, तिला आमच्याकडं उलाळ म्हणतात. तशी माझी होडी धरणाच्या फुगवट्यातून चाललेली. इंजिनाची बोंब पार शेणवे गावापर्यंत जावी आणि शेजारून एका पाणकोंबडीनं मला मागं टाकावं! वर मागं वळून बघितलंन तिनं.

तेवढ्यात साडू भर्रकन पुढं गेला. त्याची होडी माझ्याच मापाची, इंजिन माझ्याच इंजिनाचं जुळं भावंड. फरक एवढाच, की त्याच्या होडीत आमच्या सासूबाई हसत होत्या.

बायकोचं माहेर पलीकडच्या काठाला. तिनं बजावलंच होतं, “हीच चाल राहिली ना, तर म्हशाच्या जत्रेला मी भावजींच्या होडीतनं माहेरी जाईन.” माझी बायको, साडूच्या होडीत! पोटात असा जाळ उठला की त्यावर भाकरी फुगली असती.

इलाज काय कमी केले? इंजिन जीपच्या सीटवर बसवून मुरबाडला नेलं. मिस्त्री म्हणाला, ठणठणीत आहे. पाणी कापणारा मोठा पंखा लावला, तर इंजिन बाळंतिणीसारखं कण्हायला लागलं. खाली फळी ठोकून इंजिन उचललं, तर पंखा पाण्याऐवजी वारा पिऊ लागला. किंकाळ्या एवढ्या की मासे बघायला वर आले, होडी मात्र जागच्या जागी. साडूनं दांड्याला लांब पाइप जोडून घेतला होता आणि होडीच्या मध्यात बसून तो इंजिन वळवायचा. मला वाटायचं, मिरवतोय मेला. मत्सरानं डोळे भरले की समोरचा पाइपही दिसत नाही.

बायकोचं ‘पुढं सरका’ ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. बोअरच्या पाइपचा तुकडा दांड्यावर घट्ट आवळला. पंखा जुना, फळी काढली. पेट्रोलची टाकी होडीच्या नाकाशी. मी मध्यात. जत्रेच्या सकाळी बायकोला सगळ्यात पुढं बसवली.

“मला का पुढं?”

“वजनदार माणूस पुढंच शोभतो गो.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पेट्रोलशिवाय इंजिन सुरू व्हावं. पण होडीचं नाक खाली आलं आणि ती पाण्यावर चढून जी सुटली! पाठीमागचं पाणी मिटायलाच विसरलं. ऐन मध्यात साडूची होडी दिसली. तिच्या एवढ्या जवळून मी माझी होडी काढली की साडूची टोपी भिजली. “ये रे मागनं, सावकाश!” मी ओरडलो. बायकोनंही हात हलवला. आयुष्यात एवढा उंच मी कधीच नव्हतो.

पलीकडं पोचून छाती काढून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं साडू काठाला लागला, सासूबाई उतरल्या.

“बघितलंत ना, आई? तुमच्या लाडक्या जावयाला कसा मागं टाकला!”

सासूबाईंनी लुगडं पिळलं.

“इंजिन बंद होतं त्याचं. जाळं काढीत होतो आमी.”