दुसऱ्या वळणावरचा बिबट्या

त्या उन्हाळ्यात सलग पाच रविवार मी स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून एका मनोरंजन उद्यानात गेले आणि कुठल्याच राइडमध्ये बसले नाही. दोन रांगांच्या मधल्या बाकावर बसून माणसं बघायचे. फार वेळ बसवायचं मात्र नाही. उठून पाणी प्यायचे, पुन्हा येऊन बसायचे.

शहराबाहेर महामार्गालगत असलेल्या त्या उद्यानात दोन नव्या राइड्स एकाच आठवड्यात सुरू झाल्या होत्या. त्यातली गुहा आमची. सातपूरच्या एका शेडमध्ये आम्ही फायबरचे पुतळे आणि देखावे बनवतो, रंगकाम माझ्याकडे असतं. आठ महिने खपून आम्ही ती गुहा उभी केली. चौघांची होडी अंधारातून जाते, दोन्ही बाजूंना जंगल लागतं. ओला कातळ, शेवाळ, उलटी लटकलेली वटवाघळं, आणि दुसऱ्या वळणावर दगडावर बसलेला बिबट्या. त्याचा एकेक ठिपका मी हाताने काढला होता. कानामागची फिकट लव रंगवायलाच चार दिवस लागले होते.

समोरची राइड बाहेरून तयार आणून बसवलेली. भला मोठा पडदा, पुढे-मागे झुलणाऱ्या खुर्च्या, आणि आपण डोंगर-समुद्रावरून उडतोय असा भास. तिची रांग वळसे घेत कारंज्यापर्यंत जायची. आमच्या होड्या निम्म्या रिकाम्या सुटायच्या.

मी त्यांच्या बाहेर पडायच्या दाराशी उभी राहून पडदा बघून घेतला होता. तोच गरुड चार वेळा येत होता. पडद्याचे जोड दिसत होते. समुद्राच्या पाण्याला ओलेपणाच नव्हता. एवढ्या कच्च्या कामासाठी लोक उन्हात तासभर उभे राहतात, हे मला पटायचंच नाही. घरी येऊन स्वयंपाक करतानाही डोक्यात त्या दोन रांगाच असायच्या.

मग एक दिवस उद्यानाच्या मॅनेजरचा फोन आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला सरळ माणूस.

"मॅडम, दोन्ही राइड्सची तुलना करून लिहून द्या. दिसायला कोणती कशी आहे आणि लोकांना कोणती का आवडते. शेठ म्हणताहेत, गुहेतले पुतळे काढून तिथेही पडदाच लावू."

"तुलना मी करू? एक तर माझीच आहे."

"म्हणूनच. तुम्हाला त्यातलं कळतं."

मी दोन पानं खरडली. त्यात गरुड होता, पडद्याचे जोड होते, प्लास्टिकसारखं पाणी होतं. लिहून झाल्यावर वाचलं तर एखाद्या भांडकुदळ शेजारणीची तक्रार वाटत होती. ती पाठवायला हात धजेना. शेवटी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत घेऊन जायचं ठरवलं. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी रंगविभागात काढली. मी पोर असताना घराची भिंत रंगवली तरी ते खिडकीतून आलेल्या उजेडात गाल भिंतीला लावून बघायचे आणि म्हणायचे, "इथे ओघळ आलाय."

मे महिन्यातली दुपार होती. फरशी चपलेतून भाजत होती. रांग नव्हतीच, आम्ही सरळ होडीत बसलो. उतरल्यावर आतल्या अंधाऱ्या धक्क्यावरच माझ्याच्याने राहवेना.

"बिबट्या कसा वाटला?"

"कुठला बिबट्या?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग वाटलं, डोळे गेले यांचे. मागच्या होडीतून दोन कॉलेजच्या मुली उतरत होत्या. मी त्यांना अडवलं आणि आत बिबट्या दिसला का विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "आत काही होतं का काकू? सगळा अंधारच होता," एकजण म्हणाली.

आठ महिन्यांत मी त्या गुहेत शेकडो वेळा गेले होते, पण प्रत्येक वेळी आतच, तासन् तास अंधारात काम करून. उन्हातून थेट होडीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच बसले होते, आणि बिबट्या कुठे आहे हे मला पाठच होतं.

"पुन्हा जाऊ," अण्णा म्हणाले. होडीवाल्याने आम्हाला उतरायच्या धक्क्यावरूनच, बाहेरच्या उजेडात न जाता, दुसऱ्या होडीत बसवलं. दुसऱ्या वळणावर अण्णांनी माझ्या मनगटाला धरलं.

"हा होय. कानामागचं काम लय बारीक केलंयस." थोडं थांबून म्हणाले, "मघाशी डोळ्यांत ऊन भरलेलं होतं, पोरी. डोळे सरावायच्या आत होडी पुढे निघून गेली."

तिथून आम्ही समोर गेलो. त्या रांगेचा शेवटचा टप्पा आत एका मंद उजेडाच्या दालनात होता. तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागलं आणि तेवढ्यात डोळे आपोआप निवले. मग खुर्च्या हलल्या, पायाखालची जमीन गेली, सगळे एकदम ओरडले. मीही ओरडले. शेजारच्या अनोळखी बाईचा दंड मी धरला होता, हे खुर्ची थांबल्यावर लक्षात आलं. गरुड तोच चार वेळा आला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. याचाच मला जास्त राग आला.

त्या संध्याकाळी दोन पानं फाडली आणि अर्धं पान लिहिलं. त्यांचं चित्र कच्चं आहे, पण लोकांना ते पूर्ण दिसतं. आमचं चित्र चांगलं आहे, पण लोकांना ते दिसतच नाही. शिवाय तिथे शंभर माणसं एकत्र घाबरतात, इथे चौघं गप्प बसतात. होडीच्या आधी एक अंधारी, वळणाची वाट करा आणि होडीचा वेग कमी करा.

मॅनेजर म्हणाला, "वाट करू. पण शेवटी काहीतरी ओरडणारं लागेल, मॅडम. तेवढं तुम्ही ऐका."

म्हणून मी एक हडळ रंगवली. दोन दिवसांत, डोळे मिटूनही जमली असती. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अंधारी वाट झाली, हडळ बसली आणि आमच्या दाराशी रांग लागली. समोरच्या रांगेच्या निम्मी असेल, पण रांगच. मी वेड्यासारखी अनोळखी लोकांबरोबर होडीतून फेऱ्या मारायला लागले. बिबट्याच्या वळणावर लोक मोबाइल सरसावून बसलेले असायचे, पुढे येणाऱ्या हडळीसाठी.

एका फेरीत सायखेड्याकडची एक बाई आणि तिची सून माझ्यासोबत होत्या. घरची फुलशेती, दसरा-दिवाळीचा झेंडू नुकताच आटोपलेला, म्हणून फिरायला आलेल्या. दुसऱ्या वळणावर ती बाई पुढे वाकली.

"बिबट्या हाय. पण असा नाय बसत तो."

"कसा बसतो?" मी विचारलं.

"असा उघड्यावर, पाठ ताठ करून नाय. आमच्या उसात दोन सालं येतोय. दबून ऱ्हातो. खांदे डोक्याच्या वर येत्यात. तुम्हाला काय करायचंय, ताई?"

"हा मीच केलाय."

तिने अंधारात माझ्याकडे बघितलं. "रंग चांगला दिलाय," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. पुढे हडळ आली तेव्हा संपूर्ण गुहेत तिच्याइतकं मोठ्याने कोणी ओरडलं नसेल. उतरताना सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून ती हसत होती. जाता जाता म्हणाली, "या एकदा वस्तीवर. दाखवते."

मी खरोखर गेले. मोबाइलवरचे फोटो बघून केलेला तो बिबट्या आता मला डोळ्यांसमोर नको झाला होता. सकाळी तिने मला उसाच्या कडेला नेलं, पाणी भरलेल्या सरीच्या बांधावर उमटलेलं पाऊल दाखवलं, आणि मग स्वतःच कमरेत वाकून, दोन्ही हात जमिनीला टेकून, तो कसा चालतो ते करून दाखवलं. लुगड्याचा काष्टा घातलेली ती साठीची बाई चिखलात क्षणभर अशी दबली की मी नकळत एक पाऊल मागे सरले. मी तिथेच वहीत रेघा ओढल्या.

मॅनेजरला नवा बिबट्या करायचं म्हटलं तर तो म्हणाला, "कोणाला कळतंय, मॅडम?" पण नाही म्हणाला नाही. शेडमध्ये उरलेल्या फायबरमधून, रोजचं काम संपल्यावर, तीन आठवड्यांत मी तो केला. गवतात दबलेला, खांदे वर, डोकं खाली. देखभालीसाठी उद्यान बंद असतं त्या दिवशी आम्ही जुना काढून तो बसवला.

आता तो पहिल्यापेक्षाही कमी लोकांना दिसतो. समोरच्या पडद्यावर नवीन चित्र आलंय आणि त्यांची रांग पुन्हा कारंज्यापर्यंत गेली आहे. परवा मी होडीत बसले तेव्हा पुढच्या बाकावरचा एक माणूस दुसऱ्या वळणावर बोलता बोलता थांबला आणि त्याने आपल्या बायकोला हळूच जवळ ओढलं. तिने काय झालं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि गवताकडे बघत राहिला.