फराळाची गोळी

"अहो, सोडा तो खांब! देऊळ पाडता का आता?" साऱ्या धाड गावाला ऐकू जाईल अशी बायको ओरडत होती आणि मी मारुतीच्या मंडपातल्या खांबावर म्हशीसारखी पाठ घासत होतो. खाज अशी, की खांबाचा रंग चार बोटं उतरला. पाचवं बोट मी पदरचं घालत नाही.

माझी दोन्ही मूत्रपिंडं रुसून बसलेली. दिवसातून चारदा पिशवीतलं पाणी नळीने पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं. माझ्या पोटात पाझर तलाव आहे, असं मी गावात सांगत असे. पण त्या पाण्यासोबत फॉस्फेट थोडंच निघतं. उरलेलं रक्तात साचून खाज आणतं, हाडं पोखरतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवणासोबत एक गोळी चावून खा. अन्नातलं फॉस्फेट ती पोटातच धरते. आकडा असाच चढला, तर चालणंसुद्धा सुटेल."

मी हरणारा माणूस नव्हे. गोळीला जोड म्हणून शनिवार धरला, मग सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादशा. देवांना वार कमी पडले. आणि आकडा चढतच गेला! त्या शनिवारी, खांबाला पाठ घासताना, पहिल्यांदा मनात आलं, की हा मारुती नुसता दगड आहे, याला ऐकू येत नाही.

"गोळी तरी घेतली का?" बायकोने विचारलं.

"आज उपास हाय. जेवण नाही तं गोळी कायची?" म्हणत मी शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकला. कपाळावर हात मारून ती प्रदक्षिणेला गेली.

ओट्यावर जानेफळकडची एक म्हातारी एसटीची वाट पाहत बसली होती. आमचं खाज नि गोळीचं बोलणं ऐकून म्हणाली, "भाऊ, माह्या मालकालेही हेच दुखणं होतं. हे काय खाऊन राह्यला मंग?"

"फराळ."

"शेंगदाणे, पेढा, दूध?"

"हाव."

"त्याच्यातच तं ते खाज आननारं सारं भरेल हाय. पोटाले काय ठाऊक बाप्पा, फराळ हाय का जेवन?"

मी मारुतीकडे पाहिलं. पुढचं गावात कोणी खरं मानत नाही. वळून पाहिलं तर ओटा रिकामा. लोक म्हणतात, एसटी आली असेल. मी मात्र सांगतो, की त्या दिवशी एसटी आलीच नव्हती.

त्या दिवसापासून शेंगदाणे आणि पेढे मारुतीच्या पायाशी ठेवले ते ठेवलेच. उपास डॉक्टरांना विचारून सोडले. घास कसलाही असो, सोबत गोळी. जीभ रडायची, मी हटलो नाही. तीन महिन्यांत आकडा उतरला, खाज गेली. देवळापर्यंत पायी जातो. मी देवाला उपासांनी बांधायला निघालो होतो. शरण जाणं म्हणजे परक्याच्या तोंडून आलेलं साधं वाक्य निमूट ऐकणं, एवढं त्याने मला शिकवलं. त्या माउलीला रोज हात जोडतो.

डॉक्टरांना हे सारं सांगितलं. म्हातारीभोवती थोडं तेजही घातलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पेन उघडलं आणि म्हणाले, "यापुढे मी चिठ्ठीवर 'जेवणासोबत'ऐवजी 'खाण्यासोबत' असं लिहीन."