श्रीखंडावर मंजूर झालेली सिम्फनी

कसबा पेठेतले श्यामसुंदर गद्रे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि उरलेला सगळा वेळ आपल्या हौशी पाश्चात्त्य वाद्यवृंदाला देऊ लागले. वृंद तेव्हा जेमतेम तग धरून होता. मग खराडीला आयटी पार्क उभे राहिले आणि परदेशवारीहून व्हायोलिन घेऊन परतलेली पोरं रविवारच्या तालमीला येऊ लागली. गद्र्यांना हुरूप आला. आयुष्यात एकदा तरी ती अवाढव्य जर्मन सिम्फनी आपल्या हाताखाली वाजावी, ही त्यांची जुनी आस. शंभरेक वर्षांपूर्वीची, सव्वा तासाची, आठ हॉर्न, म्हणजे वेटोळी पितळी शिंगं, मागणारी. आता त्यांचा खांदा कुरकुरू लागला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

"आठ हॉर्न?" चेलो वाजवणारे बापूराव दर वर्षी विचारत. "आपल्याकडे एक आहे. तोही लग्नसराईत बँडबरोबर जातो." बापूराव निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे कार्यकारिणीत त्यांचाच शब्द चाले आणि दर वर्षी तेच सोपे, नाचाच्या ठेक्याचे वॉल्ट्झ वाजत.

यंदा गद्र्यांनी कार्यकारिणीला जेवायलाच बोलावलं. आधी जेवण, मग सिम्फनी ऐकून मतदान. पत्नी प्रेमलाताईंनी मसालेभात, अळूची भाजी आणि श्रीखंड केलं. इथेच घोटाळा झाला. रविवारी श्रीखंड चापल्यावर पुणेकर दुपारी दीड वाजता काय करतो, हे जन्मभर पुण्यात राहून गद्रे विसरले. त्यांनी सीडी लावली, डोळे मिटले आणि हातवारे सुरू केले. संथ भागाला त्यांचा ऊर भरून आला. डोळे उघडून पाहतात तो बापूराव लोडावर कलंडलेले आणि बाकीची कार्यकारिणी सतरंजीवर घोरतेय. गद्र्यांना फार वाईट वाटलं.

शेवटाला पितळी वाद्यं कडाडली तसे सगळे दचकून उठले. पण डोळा लागला होता हे कबूल करील तो पुणेकर कसला.

"उत्तम," बापूराव चष्मा चाचपत म्हणाले. "विशेषतः शेवट."

ठराव एकमताने मंजूर झाला. गद्रे सगळं जाणून गप्प बसले.

पहिल्याच तालमीत दुसऱ्या पानावर गाडं अडलं. व्हायोलिनं एकीकडे, बासऱ्या भलतीकडे, आणि आठ जणांचं एकट्याने वाजवता वाजवता हॉर्नवाला घामाघूम.

"हे झेपणारं नाही, हे मला त्या दिवशीच कळलं होतं," बापूराव म्हणाले.

"कुठल्या भागात कळलं?" गद्र्यांनी विचारलं.

बापूराव चेलोची खुंटी पिळत बसले.

"सर, आम्ही सगळे झोपलो होतो," कार्यकारिणीतली, व्हायोलिन वाजवणारी उत्कर्षा म्हणाली. खराडीच्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच तिला पगार मिळे. "टेक्निकली ते व्होटिंग इनव्हॅलिड आहे."

"मला माहीत होतं," गद्रे म्हणाले. "तरी मी ठराव मंजूर करून घेतला. तो रद्द. पुन्हा ऐका, पुन्हा मत द्या."

पुढच्या रविवारी पुन्हा गद्र्यांच्याच घरी, पण संध्याकाळची वेळ, लाकडी खुर्च्या आणि नुसता चहा. या खेपेला कुणी डुलकी घेतली नाही. संथ भागात उत्कर्षाने वाजणारा मोबाईल न बघताच बंद केला. बापूरावांनी चष्मा काढला तो बराच वेळ परत लावला नाही. सिम्फनी संपली तरी कुणी उठेना.

"हे इतकं सुंदर आहे," अखेर बापूराव म्हणाले, "की आपण त्याच्या वाटेला जाता कामा नये."

मतं घेतली. वाजवण्याच्या विरोधात एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटचा गद्र्यांचा.

रिकामे कप घेऊन ते स्वयंपाकघरात गेले तेव्हा प्रेमलाताईंनी विचारलं, "अहो, काय ठरलं?"

"वॉल्ट्झ."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना. पण अगं, त्यांनी ऐकलं," म्हणता म्हणता गद्र्यांना रडू फुटलं.

तेवढ्यात बाहेरून बापूरावांचा आवाज आला, "गद्रे, कप राहू द्या हो. तो मधला संथ भाग परत लावताय ना?"